तीव्र दिव्यांगत्व असलेली मुलं आणि श्वसनाचे विषाणू : ताप नसताना ओळखायचं कसं?

ओवीची_आई

साथ पुन्हा सुरू झाली आहे म्हणून धागा काढते आहे. जुन्या धाग्यांत आकडी, फीडिंग, खुर्ची यांवर भरपूर चर्चा सापडली, पण सर्दी-खोकल्यावर धड काही नाही. आणि खरं सांगायचं तर वर्षभर सगळ्यात जास्त धास्ती आम्हाला त्याचीच असते.

मुलगी नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), जीएमएफसीएस या हालचालींच्या मोजपट्टीवर पाचवी, म्हणजे सर्वांत तीव्र पातळी. मान सावरत नाही, बोलत नाही, पोटातल्या नळीतून फीड (पातळ अन्न), आकडीची औषधं, कणा डावीकडे वाकलेला. धाकट्याचं नाक गळायला लागलं की दोन-चार दिवसांत तो पुन्हा उड्या मारायला मोकळा. तीच सर्दी हिच्या छातीत उतरली की प्रकरण ऑक्सिजनपर्यंत जातं.

माझी अडचण अशी की हिला दरवेळी ताप येतोच असं नाही. कधीकधी उलट अंग गार पडतं. खोकला म्हणावा तर तो तिला जमतच नाही, नुसती घशात घुरघुर. त्यामुळे दवाखान्यात "ताप नाही, खोकला नाही, मग झालंय काय?" इथपासून सुरुवात. काहीतरी बिनसलंय हे मला कळलेलं असतं, पण समोरच्याला पटेल असं सांगता येत नाही.

तुमच्या मुलांमध्ये पहिली खूण कोणती दिसते? साथीच्या दिवसांत शाळा-थेरपी बंद ठेवता का? लसींचं काय? "काळजी घ्या" सोडून काहीही लिहा :)

रानवारा

मुलगा चौदा वर्षांचा, दुर्मिळ जनुकीय आजार, बाकी चित्र तुमच्यासारखंच.

आमच्याकडे पहिली खूण पोटात दिसते. एरवी सहज जिरणारं फीड तसंच पडून राहतं, नळी उघडली की बरंचसं परत येतं. नाक त्यानंतर गळायला लागतं. दुसरी खूण आकड्या. औषधाची वेळ चुकलेली नाही, झोप झालेली आहे आणि तरी झटके वाढले, तर मी न्यूरॉलॉजिस्टला फोन करायच्या आधी छाती ऐकून घेतो. तिसरी खूण त्याच्या आजीला कळते. ती म्हणते, "आज हा माझ्या आवाजाकडे वळत नाही." तिचा अंदाज फारसा चुकत नाही.

किंचित

+१. आकड्या वाढणं ही आमच्याकडेही पहिली घंटा. ताप मागाहून येतो, आला तर.

रात्रपाळी

मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओवीची_आई, तुम्हाला जे कळलेलं असतं ते खरंच असतं. पण रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या डॉक्टरने तुमच्या मुलीला आधी कधी पाहिलेलं नसतं. मॉनिटरवर ९३ सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) दिसलं तर ते तिचं रोजचं आहे की आज घसरलंय, हे त्याला समजायला काही मार्ग नाही. रोज ९७ असणाऱ्या मुलाचं ९३ होणं आणि रोज ९३-९४ वरच असणाऱ्याचं ९३ असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक त्याला फक्त तुम्ही सांगू शकता, आणि आकड्यात सांगितला तर तो ऐकतोच.

म्हणून मूल ठणठणीत असताना आकडे काढून ठेवा. गाढ झोपेत, अंगावरचं पांघरूण बाजूला करून, छाती-पोट दिसेल असं, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, या मुलांचा श्वास एकसारखा नसतो. त्याच वेळी नाडी आणि सॅच्युरेशन. मग जागेपणीचंही. सकाळचं तापमान. काही मुलांच्या मेंदूतली तापमान सांभाळणारी यंत्रणाच बिघडलेली असते, त्यांचं रोजचं तापमान मुळात कमी असतं. अशा मुलाला ३७.५ म्हणजे चांगलाच ताप झाला, पण तक्त्यावर तो "नॉर्मल" दिसतो. दिवसातून साधारण किती वेळा सक्शन (नळीने कफ-लाळ ओढून काढणं) लागतं, कफ पांढरा-पातळ असतो की पिवळट-चिकट, हेही लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण कणा वाकत जातो, वजन बदलतं, आकडे सरकतात.

सॅच्युरेशन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द. हात गार असेल, मूठ आवळलेली असेल, बोट थरथरत असेल तर आकडा खोटा येतो. पायाचा अंगठा किंवा कानाची पाळी वापरून बघा, आणि यंत्रावरची नाडीची लाट स्थिर झाल्याशिवाय आकडा धरू नका. सावळ्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त सॅच्युरेशन दाखवू शकतात हेही लक्षात असू द्या.

आता जास्त महत्त्वाचं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, श्वासागणिक कण्हणं, ओठ राखाडी दिसणं, मधेच श्वास थांबणं, उठवूनही न उठणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. पण ज्या मुलांचे स्नायूच कमजोर आहेत (स्नायूंचे आजार, खूप ढिली मुलं), त्यांच्यात यांतलं काही दिसणारच नाही. धाप लागायला, कातडी ओढायला स्नायूंमध्ये ताकद लागते. ते मूल शांत पडून राहतं, उथळ भराभर श्वास घेतं आणि झोपाळतं. आईवडिलांना वाटतं, चला, आराम पडला. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असतो. नुसता ऑक्सिजन लावला तर सॅच्युरेशन छान दिसतं आणि साठणं चालूच राहतं. अशा मुलाला घेऊन जाल तेव्हा "रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघणार का?" हे स्वतःहून विचारा. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

ओवीची_आई

@रात्रपाळी, झोपेतली मोजणी आजच करते. तापमानाचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. हिचं सकाळचं ३६ च्या खालीच असतं, आणि मी ते थर्मामीटरवर ढकलत होते.

वाचनमात्र

नावाप्रमाणे फक्त वाचत असतो, पण प्रश्न आहे. मुलीला लाळ खूप, म्हणून कानामागे लावायचा पॅच चालू आहे. एरवी फार उपयोग होतो. पण सर्दी झाली की कफ इतका घट्ट होतो की सक्शनच्या नळीतून सरकत नाही. पॅच काढावा का?

श्वासगती

मी चेस्ट फिजिओथेरपी करतो. वाचनमात्र, तुमची शंका रास्त आहे. लाळ कमी करणारी औषधं, हायोसिनचा पॅच असो की ग्लायकोपायरोलेट, छातीतला कफही वाळवतात. एरवी ते चालून जातं, पण संसर्गात हाच घट्ट कफ श्वासनलिकेच्या फांदीत बुचासारखा बसतो आणि पुढचा फुप्फुसाचा तुकडा हवा न मिळून मिटतो. मात्र पॅच एकदम काढला तर लाळेचा पूर येऊन ती फुप्फुसात उतरण्याची भीती. त्यामुळे "सर्दीच्या दिवसांत डोस किती कमी करायचा" हे तुमच्या डॉक्टरांकडून आत्ताच, मूल बरं असताना, लिहून घ्या. दुसरी बाजूही तपासा. आकडीसाठी क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, क्लोबाझामसारखी बेंझोडायझेपिन गटातली औषधं चालू असतील तर त्यांनी लाळ वाढते आणि गुंगीही. म्हणजे एक औषध लाळ वाढवतंय आणि दुसरं ती वाळवतंय. न्यूरॉलॉजिस्ट आणि छातीचे डॉक्टर एकमेकांशी बोलले तर यातून मार्ग निघतो. बोलत नाहीत, ही वेगळी गोष्ट.

आता मुळात याच मुलांना हे का होतं ते सांगतो. खोकायला आधी खोल श्वास भरावा लागतो, मग स्वरयंत्र क्षणभर घट्ट मिटून आत दाब तयार करावा लागतो आणि मग तो एका झटक्यात सोडावा लागतो. आपल्या मुलांना यांतलं एकही नीट जमत नाही. श्वास उथळ, मिटण्याची वेळ जुळत नाही, पोटाचे स्नायू साथ देत नाहीत. त्यात कण्याच्या बाकामुळे एका बाजूचं फुप्फुस कायम दबलेलं. गिळताना थोडी लाळ, थोडं फीड श्वासनलिकेत जातं आणि ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता नसतो. जठरातलं आम्ल वर येतं ते वेगळंच. म्हणजे छाती आधीपासूनच सुजलेली असते आणि विषाणू त्यावर येऊन बसतो. विषाणू तोच, धाकट्या भावाला झाला तोच.

सर्दी सुरू झाली की छाती मोकळी करण्याच्या वेळा वाढवायच्या. क्रम माझ्या पद्धतीने सांगतो, तुमच्या फिजिओचा वेगळा असेल तर त्यांचं ऐका. आधी सलाइनचं नेब्युलायझेशन (यंत्राने बारीक तुषार करून मास्कमधून देणं), म्हणजे कफ सैल होतो. मग कुशीवर, जी बाजू भरली आहे ती वर. डोकं खाली आणि पाय वर असं पूर्वी करायचे, ते या मुलांत नको, पोटातलं वर येतं. मग तळहाताने श्वास सोडताना हलका कंप. जोरजोरात थापट्या मारू नका. उभं न राहिल्यामुळे आणि काही आकडीच्या औषधांमुळे या मुलांची हाडं ठिसूळ असतात, बरगडी मोडलेली मी पाहिली आहे. कफ असिस्ट यंत्र असेल तर आता ते. ते आत हवा भरतं आणि लगेच ओढून घेतं, खोकल्याचं काम बाहेरून करतं. शेवटी सक्शन.

सक्शन घड्याळ बघून करायचं नाही, घुरघुर ऐकू आली किंवा हाताला जाणवली की करायचं. हात छातीवर सपाट ठेवला तर कफ कुठे आहे ते कळतं. वरच्या बाजूला खरखर लागली तर नळी पोचेल, खाली बरगड्यांपाशी लागली तर नळी घालून उपयोग नाही, आधी तो वर आणावा लागेल. नळी किती आत घालायची ते मोजून घेऊन त्यावर खूण करून ठेवा. आत सरकवताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, सगळं दहा सेकंदांच्या आत. पुन्हा करायच्या आधी मुलाला श्वास घेऊ द्या. सारखं खोलवर सक्शन केलं की आतलं आवरण सुजतं, रक्त येतं, आणि मग कफ अजून वाढतो.

हे सगळं फीडच्या आधी. फीडनंतर किमान तासभर तरी छातीला हात लावू नका.

रानवारा

फीडवरून आठवलं. आजारपणात आमच्या डायटिशियनने नेहमीचं फीड तेवढंच ठेवून वेग निम्मा करायला सांगितलं होतं. धाप लागली असताना भरलेलं पोट छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं, श्वासाला जागाच राहत नाही. तेही जमलं नाही तर काही तास फक्त ओआरएस. पाणी मात्र कमी पडू द्यायचं नाही, नाहीतर कफ आणखी घट्ट.

अर्धविराम

शाळेच्या प्रश्नावर लिहितो, आणि कदाचित बऱ्याच जणांना आवडणार नाही.

साथीचे महिने मुलाला घरात बंद ठेवायचा सल्ला आम्हालाही मिळाला. ठेवलंही. काय झालं? धाकटी शाळेतून आणायची ते आणलंच. शिवाय उभं राहण्याच्या फ्रेममधला वेळ गेला, पाठ आणखी आखडली, दिवसभर आडवं राहून छातीचं व्हायचं तेच झालं. आणि मूल हसायचं थांबलं. त्याला कळत नाही असं समजणाऱ्यांनी एक दिवस त्याच्या वर्गात येऊन बघावं, मित्राचा आवाज आला की पाय कसे झाडतो ते. वर आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी गेली ती गेलीच.

संसर्ग टाळणं हे एकमेव उद्दिष्ट ठेवलं तर या मुलांना कायमच घरात ठेवावं लागेल.

रानवारा

@अर्धविराम, पटतं, पण पूर्ण नाही. माझ्या मुलाला गेल्या साथीत व्हेंटिलेटर लागला आणि त्यातून उठल्यावर तो आधीचा राहिला नाही. तोंडाने दोन चमचे घ्यायचा तेही गेलं. प्रत्येक मोठ्या आजारपणात एक पायरी खाली उतरतो आणि ती परत चढता येत नाही. त्यामुळे साथ शिगेला असते ते काही आठवडे मी त्याला घरी ठेवतो आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. तुमच्या मुलाचा श्वास कदाचित थोडा अधिक भक्कम असेल.

अर्धविराम

असेल. म्हणूनच सरसकट नियम नको एवढंच म्हणणं आहे. पण मग शाळेनेही काही केलं पाहिजे ना. नाक वाहणारी मदतनीस मास्क न लावता तीन मुलांना भरवते, एकाच रुमालाने सगळ्यांची लाळ पुसते आणि आजारी पडल्यावर दोष आमच्या मुलाच्या "कमी प्रतिकारशक्ती"ला. आम्ही वर्गासाठी चारच गोष्टी मागितल्या. खिडक्या उघड्या, आजारी कर्मचाऱ्याला बिनबोभाट सुट्टी, प्रत्येक मुलाचा रुमाल-नळी-मास्क वेगळा, आणि कोणी आजारी पडलं की त्याच दिवशी पालकांना निरोप. शेवटची मागणी मान्य व्हायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

शेंडेफळ

मी पालक नाही, बहीण आहे. माझा मोठा भाऊ असा होता. लहानपणी मला सर्दी झाली की मला आजीच्या खोलीत झोपवायचे, आणि दादा रुग्णालयात गेला की कोणी काही बोलत नसे, पण मला कळायचं की कोणामुळे. कृपया धाकट्यांना हे सांगा की त्यांनी काही केलेलं नाही. सांगितल्याशिवाय ते कळत नाही. हात धुवायला शिकवा, लस द्या, दादाच्या तोंडाजवळ नको तर पायाशी बस म्हणा. पण खोलीतून हाकलू नका.

ओवीची_आई

@शेंडेफळ, थांबून दोनदा वाचलं. धाकट्याशी आज बोलेन.

बालवैद्य

धागा छान चालला आहे. लसी आणि विषाणूंबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सगळं सर्वसाधारण आहे, तुमच्या मुलासाठीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच.

श्वसनाच्या विषाणूंतली नेहमीची मंडळी म्हणजे आरएसव्ही (लहान मुलांच्या छातीत उतरणारा एक नेहमीचा विषाणू), फ्लू, ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडेनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस आणि आता कोविड. मेटान्यूमोव्हायरस बातम्यांत आला की लोक घाबरतात, पण तो २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून माणसांत फिरत होता. आरएसव्ही हा तान्ह्या बाळांचा आजार असं आपण शिकतो. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो होऊन जातो हे खरं, पण संरक्षण टिकत नाही, तो पुन्हापुन्हा होतो. निरोगी दहा वर्षांच्या मुलाला तो फक्त सर्दी देतो. ओवीसारख्या मुलीला याही वयात रुग्णालयात पोचवू शकतो. हंगामही डोळे झाकून धरू नका. थंड देशांत हिवाळा, उष्ण कटिबंधात बरेचदा पावसाळा, पण कोविडचे निर्बंध सैल झाल्यावर २०२१ मध्ये अनेक देशांत आरएसव्हीची लाट भर उन्हाळ्यात आली होती.

फ्लूबद्दल जास्त ठामपणे बोलता येतं, कारण आकडे आहेत. २००९ च्या एच१एन१ साथीत अमेरिकेत दगावलेल्या ज्या ३३६ मुलांच्या आधीच्या आजारांची माहिती मिळाली, त्यांतल्या १४६ जणांना मेंदू-मज्जासंस्थेचा विकार होता. दम्याची आणि हृदयविकाराची मुलं आपण जोखमीची धरतो, या मुलांचं नाव यादीत असूनही डोक्यात नसतं. २०११ च्या फेब्रुवारीत ओहायोमधल्या एका निवासी संस्थेत अशा १३० मुला-तरुणांपैकी ७६ जण श्वसनाच्या आजाराने आजारी पडले, १३ गंभीर झाले, ७ दगावले. अशा ठिकाणी एकाला फ्लू म्हटलं की पूर्ण मजल्याचा विचार करावा लागतो.

म्हणून फ्लूची लस दरवर्षी. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. आणि घरातल्या प्रत्येकाला, सांभाळणाऱ्या ताईंनाही. लस घेतली म्हणजे फ्लू होणार नाही असं नाही. फ्लूचा संशय आला की ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लवकर सुरू करायचं, पहिल्या ४८ तासांत सर्वांत उत्तम. चाचणीच्या निकालासाठी अडून बसायचं नाही, आणि ४८ तास उलटले म्हणून जोखमीच्या मुलाला नाकारायचंही नाही. ते पातळ स्वरूपात नळीतून देता येतं. "साथीत असं झालं तर काय करायचं" हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

आरएसव्हीसाठी दर महिन्याला द्यायचं पॅलिव्हिझुमॅब १९९८ मध्ये आलं. आता एकाच इंजेक्शनात पूर्ण हंगाम सांभाळणारं निर्सेव्हिमॅब आलं आहे. ही दोन्ही तयार प्रतिपिंडं आहेत, लस नव्हेत, आणि तान्ह्या बाळांसाठी आणि काही जोखमीच्या मुलांना दोन वर्षांपर्यंत. गरोदरपणात आईला द्यायची लसही आहे. नऊ किंवा चौदा वर्षांच्या मुलासाठी सध्या काही नाही, हे कटू आहे पण खरं आहे. न्यूमोकोकस, हिब, डांग्या खोकला यांच्या लसी पूर्ण झाल्यात का ते मात्र कार्डावर तपासा. सतत आजारी असल्यामुळे "बरी झाली की देऊ" म्हणत याच मुलांच्या लसी सर्वांत जास्त राहून जातात.

किंचित

डॉक्टर, अँटिबायोटिक घरात आणून ठेवावं का? आमचे डॉक्टर प्रत्येक सर्दीला देतात. आणि सॅनिटायझर पुरतो का?

बालवैद्य

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे पाठ सगळ्यांनाच आहे. पण या मुलांत विषाणूने सुरू झालेल्या आजारावर जिवाणू लवकर स्वार होतात, लाळ-फीड फुप्फुसात गेल्याने न्यूमोनिया होतो, आणि सुरुवातीला वेगळं ओळखणं आम्हालाही अवघड जातं. एक्स-रेवर जुन्या खुणा असतात, कण्याच्या बाकामुळे फोटो नीट येत नाही. त्यामुळे इतर मुलांपेक्षा इथे अँटिबायोटिकचा उंबरठा खाली असणं मी समजू शकतो. पण प्रत्येक सर्दीला तेच ते देत राहिलं तर छातीत चिवट जिवाणू ठाण मांडतात, स्यूडोमोनास त्यांतला नेहमीचा, आणि मग गोळ्या संपतात, शिरेतून औषध सुरू होतं. निदान कफाचा नमुना तपासून ठेवा, म्हणजे वेळ आली तर कोणतं औषध चालेल ते माहीत असेल. घरात ठेवायचं असेल तर कधी सुरू करायचं हे कागदावर लिहून.

नाकाच्या स्वॅबचं मोठं पॅनेल (एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारी चाचणी) करून घेतलंत तर एक लक्षात ठेवा. ऱ्हायनोव्हायरस बरा झाल्यावरही अनेक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. नाव सापडलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं नव्हे.

सॅनिटायझर आरएसव्ही, फ्लू, कोविडवर चांगला. अॅडेनो आणि ऱ्हायनोवर कच्चा, तिथे साबण-पाणी. २०१८ मध्ये न्यू जर्सीत दीर्घकाळ सांभाळ लागणाऱ्या मुलांच्या एका केंद्रात अॅडेनोव्हायरस ७ पसरला आणि ११ जण दगावले, त्यावरून तो किती हलक्यात घ्यायचा ते ठरवा. खुर्चीचा ट्रे, चावायची खेळणी, नेब्युलायझरचा मास्क, सक्शनची बाटली, या जागा पुसायच्या राहतात. आरएसव्ही टणक पृष्ठभागावर काही तास जिवंत राहतो, अॅडेनो त्याहून कितीतरी जास्त.

वाचनमात्र

एक अवघड गोष्ट विचारायची आहे. मागच्या वेळी आयसीयूच्या दारात एका डॉक्टरांनी विचारलं, "अशा मुलीसाठी कुठपर्यंत जायचं ठरवलंय?" तिला नुकता ऑक्सिजन लावला होता. आम्ही गांगरलो. इतरांना विचारतात का असं?

अर्धविराम

विचारतात. आम्हालाही विचारलं. मी उलट विचारलं, "हाच प्रश्न तुम्ही पलीकडच्या खाटेवरच्या मुलाच्या बापाला विचारलात का?" गप्प बसले.

रात्रपाळी

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारात, घाईत, "अशा मुलीसाठी" म्हणून विचारणं चूकच, आणि आमच्यातल्या अनेकांकडून ती होते. मुलीला त्यांनी फक्त आजारी, निपचित पाहिलेलं असतं. म्हणून मी पालकांना सांगते, तिचा हसतानाचा एखादा व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा. राउंडमधलं बोलणं बदलतं, मी पाहिलं आहे.

पण तो प्रश्न कधीच विचारू नये असं मी म्हणणार नाही. ज्यांची मुलं दर आजारपणात पायरी उतरत आहेत त्यांनी तो शांतपणे, मूल बरं असताना, ओळखीच्या डॉक्टरांबरोबर बसून बोलावा. बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र) हो, नळी घालून व्हेंटिलेटर किती दिवस, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र) नको किंवा हवी. जे ठरेल ते लिहून ठेवा, कधीही बदलता येतं. "सगळं करा" हेही ठरवणंच आहे आणि तेही लिहिलेलं असलं तर दारातला प्रश्न टळतो.

रानवारा

आम्ही लिहिलं आहे. बायको आणि मी दोनदा भांडलो त्यावरून. पण लिहिलं ते बरं झालं.

ओवीची_आई

सगळ्यांचे आभार. तुमच्या प्रतिसादांवरून एक पान तयार केलं आहे, दाराजवळच्या पिशवीत ठेवणार. काही राहिलं असेल तर सांगा.

"ओवी, नऊ वर्षं. सेरेब्रल पाल्सी, पाचवी पातळी. बोलत नाही, पण ऐकते. तिच्याशी बोलून मग हात लावा. बरी असताना : झोपेत श्वास मिनिटाला २०, नाडी ८८, सॅच्युरेशन ९५, जागेपणी ९६. सकाळचं तापमान ३५.८; ३७ च्या वर गेलं तर ताप समजा. कफ पांढरा, पातळ, सक्शन सकाळी आणि झोपताना. दुखलं की डावा हात ताठ होतो आणि चेहरा लाल होतो, रडत नाही. आजारी पडताना आधी फीड परत येतं, मग झटके वाढतात, ताप शेवटी किंवा नाहीच. फीड पोटातल्या नळीतून, तोंडाने काहीही नको. उजव्या कुशीवर श्वास सोपा जातो. फ्लूचा संशय आल्यास ऑसेल्टामिविर लगेच, हे डॉक्टरांशी ठरलेलं आहे. आकडीची औषधं आणि वेळा मागच्या बाजूला. उपाशी ठेवलं तरी आकडीचं औषध चुकवू नका."

श्वासगती

उत्तम. सक्शनच्या नळीचा नंबर आणि किती सेंटिमीटर आत, ते घाला. पोटातल्या नळीचा प्रकार आणि नंबरही. रात्री ती निघाली तर तिथे कोणाला माहीत नसतं.

रात्रपाळी

शेवटचं वाक्य लाल पेनाने, वरच्या बाजूला. आणि वजन राहिलं, मोजल्याच्या तारखेसकट. औषधांचे सगळे डोस वजनावर ठरतात आणि या मुलांना तिथल्या काट्यावर उभं करता येत नाही, मग आम्ही वयावरून अंदाज बांधतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो हमखास जास्त निघेल.

ओवीची_आई

वजन तीन महिन्यांपूर्वीचं आहे. उद्या तिला उचलून घेऊन काट्यावर उभी राहते, मग माझं वजा करते.